पाणीवाल्या बाईंच्या गावचे नगरसेवक

गोरेगावकरांनो,

नाक्यानाक्यावर फलक लागले आहेत. जानेवारी 2026 मध्ये निवडून आलेली मंडळी त्यांवर केव्हाच 'कार्यसम्राट' झाली, काही तर 'भावी आमदार'सुद्धा. कार्याला हात लागायचा तेवढा बाकी आहे! नगरसेवकपद ही आमदारकीची पायरी, हे आता इतके अंगवळणी पडले आहे की आपल्यालाही त्यात काही खटकत नाही. म्हणून हे पत्रक.

याच गोरेगावात मृणाल गोरे नावाच्या नगरसेविका होऊन गेल्या. वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या, गोरेगावच्या ग्रामपंचायतीत बसल्या. 1958 साली पती केशव ऊर्फ बंडू गोरे गेले. पदरी लहान मुलगी. तरी 1961 साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. तेव्हा बायकांना राखीव प्रभाग नव्हते. (आज निम्म्या जागा राखीव आहेत आणि काही कार्यालयांत खुर्चीवर 'नगरसेविकांचे यजमान' बसलेले दिसतात. त्यांनी हे पत्रक दोनदा वाचावे.)

गोरेगाव 1957 साली मुंबईत आले होते, पाणी मात्र आले नव्हते. झोपडी अनधिकृत, म्हणून तिला नळ नाही, असा पालिकेचा खाक्या. अनधिकृत माणसाला तहान लागत नाही की काय? मृणालताईंनी अर्ज-विनंत्यांवर भागवले नाही. सभागृहात अधिकाऱ्यांना धारेवर धरले आणि बाहेर हंडे-कळशा घेतलेल्या बायकांचे मोर्चे नेले. 'पाणीवाली बाई' हे नाव लोकांनी दिले. फलक छापून मिळालेले ते नाव नव्हे.

कुणी म्हणेल, त्याही पुढे गेल्याच की. गेल्या. 1972 साली विधानसभेत गेल्या आणि त्याच सुमारास अहिल्याताई रांगणेकरांसोबत महागाईविरुद्ध लाटणे घेऊन रस्त्यावरही उतरल्या. आणीबाणीत तुरुंगवास भोगला, 1977 साली लोकसभेत पोहोचल्या. पण दिल्लीला गेल्या तरी लोकांच्या तोंडी पाणीवाली बाईच राहिल्या. आपल्या कार्यसम्राटांना लोक कोणत्या कामाच्या नावाने हाक मारणार आहेत?

आणखी एक. महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असे राज्यघटना सांगते. तरी जवळजवळ चार वर्षे मुंबईला सभागृह नव्हते. 2025-26चा 74,427 कोटींचा अर्थसंकल्प प्रशासनानेच मांडला, प्रशासकांनीच मंजूर केला. आपल्या पैशांचा जाब विचारायला लोकांनी निवडलेला एकही माणूस तिथे नव्हता. त्या काळात कित्येक माजी नगरसेवक पक्ष बदलण्यात गुंतले होते. निवडणूक घ्या म्हणून त्यांच्यातल्या कुणी तुमच्या गल्लीतून मोर्चा काढल्याचे आठवते का?

मृणालताई 2012 साली गेल्या. गोरेगावच्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे. त्या पुलाखालीही 'भावी' मंडळींचे फलक लागतात, याला काय म्हणावे!

तेव्हा एवढे करा. नगरसेवकाच्या कार्यालयात दाखल्यासाठी, शिफारसपत्रासाठी जाल, तेव्हा आधी विचारा: सभागृहात आणि प्रभाग समितीत आजवर किती प्रश्न मांडले? आमच्या चाळीत पाणी किती वाजता येते आणि किती वाजता जाते? उत्तर तोंडी घेऊ नका. लेखी घ्या, सहीनिशी.

आपले,
गोरेगावातील पाणीपट्टी भरणारे काही मतदार