घसारा कोणाचा?

विद्यानगर, नल्लकुंटा, टिळकनगर या भागांत आपली जी जुनी घरे आहेत, त्यांच्या फाटकाआड अजून वीस-वीस वर्षांच्या मारुती आणि सँट्रो उभ्या दिसतात. मालक बहुधा निवृत्त, मुले पुण्यात नाहीतर परदेशात, आणि गाडी फिरते ती दवाखाना, भाजी, देऊळ एवढ्यापुरती. या गाड्यांवर दोघांची वक्रदृष्टी आहे, सरकारची आणि गॅरेजवाल्यांची. दोघांचे म्हणणे एकच : जुनी झाली, काढून टाका.

सरकारचा हिशेब पाहा. पंधरा वर्षांनंतर मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाला पूर्वी ६०० रुपये लागत. १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीला १०,०००. मी वाणिज्य शाखेचा माणूस. घसारा वयाप्रमाणे लावतात, कारण प्रत्येक यंत्र उघडून पाहणे हिशेबनिसाला शक्य नसते. गाडी मात्र उघडून पाहता येते! सहा वर्षे दिवसरात्र पळालेल्या टॅक्सीचा झिजलेला बॉल जॉइंट जपून ठेवलेल्या मारुतीपेक्षा कितीतरी घातक. तो सुटला की चाकच आडवे पडते. तपासणी हवी तेवढी कडक करा, आमची हरकत नाही. पण दंड झिजेला हवा, वयाला नव्हे.

आता गॅरेज. आमच्या गल्लीतील एका काकांना 'साब, पूरा सस्पेन्शन खतम' असे सांगून भला मोठा अंदाज हातात दिला गेला. दुसऱ्या मिस्त्रीने पाहिले तेव्हा निघाले काय, तर दोन लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश. म्हणून थोडे आपणच शिकून घ्यावे. गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडा. वर येऊन लगेच स्थिरावली तर शॉकअप ठीक. डोलत राहिली किंवा नळीवर तेल ओघळलेले दिसले, तर बदला. उखडलेल्या रस्त्यावर हळू जाताना खटखट येते ती बहुधा लिंक रॉडची किंवा बॉल जॉइंटची, आणि ब्रेक मारताना 'धड्' असा एकच आवाज येतो तो बहुधा बुशचा. चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, वर-खाली धरून हलवा. ढिले असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. आडवे धरून ढिले, तर स्टिअरिंगचा टाय रॉड. शॉकअप एका एक्सलचे दोन्ही बदलावेत. बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी, नाहीतर रबर पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. हे मिस्त्रीसमोर उभे राहून पाहा. मग अलाइनमेंट. स्प्रिंग दाबण्याचे काम मात्र घरी करू नका, उडाली तर जीव जाईल. सुटे भाग राणीगंजात मिळतात, दोन दुकाने विचारून घ्या.

आणि हे भाग झिजवतो कोण? इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ प्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, वर पट्टे, अलीकडे फलक. आपल्या गल्लीतले गतिरोधक म्हणजे डांबराची भिंत! २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत रस्ता नीट न ठेवणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड आहे, पण तो केव्हा? माणूस मेला किंवा अपंग झाला तर. शॉकअप मेला तर भरपाई नाही. आजीवन कर मात्र गाडी घेतानाच वसूल!

मंडळींनी पुढच्या सभेला आपापल्या गल्लीतील गतिरोधकांची उंची मोजून आणावी, शिवणाची टेप चालेल. यादी करून वॉर्ड कार्यालयात देऊ, आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचे नाही, हे बँकेतला माणूस सांगतो आहे.