सरासरी आयुर्मान ३० : एका आकड्याचा गैरवापर

‘पूर्वी माणसे तिशीतच मरत, म्हणून लग्ने लहानपणी उरकावी लागत.’ इतिहासाच्या चर्चेत हे वाक्य इतक्या सहजपणे फेकले जाते की ते तपासावे असे कोणाला वाटतही नाही. त्याचा पूर्वार्ध गणिताच्या अज्ञानातून आलेला आहे आणि उत्तरार्ध म्हणजे त्याच अज्ञानाच्या आधारे एका अन्यायाची केलेली वकिली.

आकडा खोटा नाही. १९११ ते १९२१ या दशकात भारतातील जन्मावेळचे सरासरी आयुर्मान सुमारे २० वर्षे इतके खाली गेले होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीचा त्यात मोठा वाटा होता. मग काय, विशीतच गावेच्या गावे म्हातारी होत होती?

एखाद्या गावातील अकरा मृत्यू कल्पून पाहावेत. वये अशी : ०, ०, ०, १, ३, ३६, ४७, ५५, ६०, ६२, ६६. बेरीज ३३०, अकराने भागल्यास मध्य ३०. परंतु या अकरा जणांत तिसाव्या वर्षी गेलेला एकही नाही! चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध, सहाव्या स्थानी येणारे वय म्हणजे मध्यक : ३६. सर्वांत अधिक वेळा आलेले वय म्हणजे बहुलक : शून्य. पाचवे वर्ष ओलांडलेल्या सहा जणांचा वेगळा मध्य काढला, तर तो ५४ च्याही वर जातो. शाळेत दोन गुणांपुरता घोकलेला बहुलकच येथे सर्वांत स्पष्ट बोलतो : त्या गावात मृत्यू प्रथम पाळण्यापाशी येत असे.

‘आमचे पूर्वज दीर्घायुषी होते’ असे म्हणत औरंगजेबाची ८८ आणि अहिल्याबाईंची ७० वर्षे पुढे करणारा दुसरा पक्षही तितकाच चुकतो. पाळण्यात गेलेल्यांची नावे बखरींत येत नाहीत.

आता लग्नाविषयी. दहाव्या वर्षापर्यंत जगलेल्या मुलीपुढे बहुधा अनेक दशकांचे आयुष्य असे. घाई करण्यास आयुर्मानाचे कारण नव्हते. उलट कोवळ्या वयातील बाळंतपणे हेच माता आणि अर्भके दगावण्याचे एक कारण होते. आनंदीबाई जोशी यांचे लग्न नवव्या वर्षी झाले, चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि मूल दहा दिवसांत गेले. त्या आघातातून त्या वैद्यकाकडे वळल्या, अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि १८८७ मध्ये क्षयाने, वयाच्या २१ व्या वर्षी निवर्तल्या. या मायलेकरांच्या वयांची सरासरी काढल्यास ती साडेदहा वर्षे भरते. त्या आकड्यावरून दोघांपैकी कोणाविषयी काय कळते?

यापुढे बालविवाहाच्या समर्थनार्थ ‘सरासरी ३०’ उद्धृत करणाऱ्यांनी ती कोणत्या वयापासून मोजली आहे आणि त्यात किती अर्भके आहेत, एवढे तरी सोबत लिहावे.