माशांचे खाद्य आणि प्रोबायोटिकची पुडी

सियागंज ही इंदूरची किराणा मालाची मोठी घाऊक पेठ. तिथे गेलेला शेतकरी मूठभर डाळ तळहातावर घेतो, दाणा दाताखाली धरतो आणि मगच भाव करतो. परंतु शोभिवंत माशांच्या खाद्यात मिसळायची प्रोबायोटिकची पुडी अशी पारखता येत नाही. जोडधंदा म्हणून असे मासे पाळणाऱ्या बंधुभगिनींनी तीवर पैसा घालण्यापूर्वी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात, असे आम्हांस वाटते.

प्रोबायोटिक म्हणजे आतड्यास उपकारक असे जिवंत जीवाणू. हे नुसते खूळ नव्हे. आपल्याच देशातील संशोधकांनी मृगळ माशाच्या आतड्यातून बॅसिलस सबटिलिस हा जीवाणू काढला आणि गप्पी, मोली, स्वोर्डटेल व प्लॅटी यांना खाद्यातून दिला. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात माशांची लांबी व वजन वाढले, पचन सुधारले आणि आतड्यातील अपायकारक जीवाणू घटले. मात्र मात्रा वाढवली म्हणून लाभही तितकाच वाढला, असे झाले नाही. तेव्हा जास्त घालणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे.

‘जिवंत’ हा शब्द विसरू नये. उकळत्या दुधात विरजण घातले तर दही लागत नाही. बॅसिलसचे बीजाणू उष्णता पुष्कळ सोसतात. लॅक्टोबॅसिलस मात्र लवकर मरतात. म्हणून पुडी गरम खाद्यात कालवू नये. वेष्टनावर जीवाणूचे नाव, एका ग्रॅममधील संख्या व वापराची मुदत नसेल तर ती घेऊच नये. एकीकडे हे जीवाणू द्यायचे आणि दुसरीकडे उठसूट प्रतिजैविकाच्या गोळ्या टाकीत टाकायच्या, हे तर पेरलेले आपणच उपटण्यासारखे आहे.

घाण पाण्यावर ही पुडी उतारा नव्हे. उरलेले खाद्य कुजून अमोनिया होतो व मासे खुरटतात. आधी खाद्य बेताचे द्यावे, पाणी नियमाने थोडे थोडे बदलावे.

मग स्वतःच पारख करावी. सारख्या दोन टाक्यांत एकाच वयाचे, तितकेच मासे सोडावेत. एकीला पुडीचे खाद्य, दुसरीला साधे. दोन महिने दर पंधरवड्याला वजन करावे, मेलेल्यांची नोंद ठेवावी. वाढीतून पुडीची किंमत निघाली तर ती चालू ठेवावी, नाहीतर सोडावी. दुकानदाराच्या शब्दापेक्षा आपल्या तराजूवर विसंबणे बरे, असे आमचे मत आहे.