बॅटरी कीं अल्टरनेटर?

अपरात्रीं रुग्णास इस्पितळांत न्यावयाचें आणि मोटार सुरूच होऊं नये, हा प्रसंग कोणत्याही कुटुंबावर येऊं शकतो. दुसऱ्या दिवशीं नवी बॅटरी आणली जाते; पण पुष्कळदां जुनी निर्दोष असते. बॅटरी ही कणगी आणि अल्टरनेटर हा तींत धान्य भरणारा, असें आम्ही समजतों. भरणाराच थकला, तर कणगी बदलून काय लाभ?

परीक्षा सोपी आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांस लावावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आंकडा आल्यास बॅटरी भरलेली. १२ च्या खालीं आल्यास जवळजवळ रिती समजावी. मग एंजिन चालू करून पुन्हां पाहावें. सामान्यतः १३.८ ते १४.५ दिसल्यास भरणा ठीक आहे. आंकडा मुळींच वर न चढल्यास दोष अल्टरनेटरमध्यें, त्याच्या पट्ट्यांत किंवा तारांत शोधावा. भरणा ठीक असूनही बॅटरी सकाळीं रिती होत असेल, तर ती जीर्ण झाली आहे, अथवा गाडी बंद असतांही एखादा दिवा वीज खात आहे.

एंजिन चालू असतां बॅटरीची तार काढून पाहण्याची जुनी रीत वाचकांनीं कटाक्षानें टाळावी. तिच्यामुळें गाडींतील नाजूक विद्युत्-उपकरणें जळूं शकतात. बॅटरीजवळ काडीही ओढूं नये. तिच्यांतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो.

ही परीक्षा घरांतील दोघां-तिघांनीं तरी शिकून ठेवावी. कर्ता पुरुष घरीं आहे कीं नाहीं, हें पाहून अडचण येत नसते.