सरमिसळ म्हणजे शरणागती नव्हे

संत एकनाथांच्या नावाचं रंगमंदिर छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, आमच्या उस्मानपुऱ्यात आहे. त्याच उस्मानपुऱ्यात, आणि एकूणच शहरात, एक मत हल्ली फार ठासून मांडलं जातं. सुलतानी अमलात आपल्या भाषेत, पेहरावात, बांधकामात जे जे मिसळलं ते सगळे गुलामीचे वळ आहेत, आणि ते पुसल्याखेरीज आपण मोकळे झालो असं म्हणता येणार नाही, असं हे मत. त्याला उत्तर म्हणून दुसरं मत पुढे येतं : दख्खनला शहर, बागा, पाणी, अदब हे सारं बाहेरच्यांनी दिलं, त्याआधी इथे होतं तरी काय? मला ही दोन्ही मतं अमान्य आहेत. दोघांनाही इथला माणूस फक्त घेणारा दिसतो. तो घडवणाराही होता, हे कुणी लक्षात घेत नाही.

पहिल्या मताचा पूर्वपक्ष मात्र प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. १२९६ मध्ये अलाउद्दीनाने देवगिरी लुटली. पुढे यादवांच्या हरपालदेवाला हालहाल करून मारलं गेलं. हैदराबादच्या निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. मराठीला स्वतःच्याच मुलखात दुय्यम स्थान मिळालं. रझाकारांचा जाच भोगलेली घरं मराठवाड्यात गावोगावी आहेत. या जखमा विसरा, असं मी कधीही म्हणणार नाही.

पण जखम करणारी सत्ता आणि त्याच काळात लोकांनी रचलेली संस्कृती यांचा हिशेब एकाच वहीत लिहिता येत नाही. एक दूरचं उदाहरण घेऊ. आजचा फ्रान्स म्हणजे जुना गॉल. इ.स.पू. ५८ पासून रोमन सेनापती सीझरने तो देश तुडवला. या मोहिमांत दहा लाख माणसं मेली आणि तितकीच गुलाम झाली, असं प्लुटार्क सांगतो. आकडा फुगवलेला असेल, पण क्रौर्य खोटं नाही. अलेसियाला शरण आलेल्या गॉलांच्या सेनानीला, व्हर्सिंगेटोरिक्सला, सहा वर्षं कैदेत ठेवून रोममध्ये मिरवलं आणि मग ठार केलं. त्यानंतर शंभर वर्षांच्या आत, सम्राट टायबेरियसच्या काळात, पॅरिसच्या नावाड्यांनी एक दगडी स्तंभ उभारला. अठराव्या शतकाच्या आरंभी तो नोत्र दाम चर्चखाली सापडला. त्यावर रोमनांचा ज्युपिटर आहे, व्हल्कन आहे आणि त्यांच्याच रांगेत गॉलांचे एसुस आणि शिंगांचा सेर्नुन्नोस. लिपी लॅटिन. हे नावाडी पराभूत आणि लाचार होते असं कुणाला म्हणायचं असेल, तर त्यांनी आपले देव ज्युपिटरच्या पंक्तीला का बसवले हे आधी सांगावं.

एकनाथांनी सोळाव्या शतकात पैठणला हेच केलं, आणि जास्त धिटाईने केलं. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते, म्हणजे अहमदनगरच्या निजामशाहीचे चाकर. दफ्तराची फारसी वळणाची भाषा नाथांच्या कानावर रोज पडत असणार. त्या भाषेचं त्यांनी काय केलं? ‘अर्जदस्त’ हे भारूड पाहा. शरीर हा परगणा, जीव तिथला अंमलदार, आणि सगळा अर्ज परमेश्वराच्या दरबारी. वसुलीच्या कागदाचा साचा उचलून त्यात त्यांनी अध्यात्म भरलं. ज्या भाषेत रयतेला ताकीद जाई, तीच भाषा रयतेच्या मुक्तीसाठी राबवली. ‘हिंदू-तुर्क संवादा’त दोघे एकमेकांना तिखट बोलतात, एकमेकांच्या देवधर्माची झाडाझडती घेतात, आणि शेवटी समेटावर येतात. याला वळ म्हणायचं? मी याला विजय म्हणेन.

इथे राज्यव्यवहारकोशाचा दाखला हमखास दिला जातो. शिवछत्रपतींनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश करवून घेतला, हे खरं आहे आणि अभिमानाचं आहे. नव्या सार्वभौम राज्याला आपली राजभाषा हवी होती. पण तो कोश दफ्तरासाठी होता, लोकांच्या तोंडातले शब्द उपटण्यासाठी नव्हता. मुख्य प्रधानाला लोक पुन्हा पेशवाच म्हणू लागले, आणि पेशव्यांच्या दफ्तरातली मराठी वाचली तर फारसी शब्द ओळीओळीला भेटतात. अटकेपर्यंत गेलेल्या मराठ्यांची ती भाषा होती. सावरकरांनी घडवलेले ‘महापौर’, ‘दिनांक’ यांसारखे शब्द रुळले, ते मलाही आवडतात. नवा शब्द यावा. त्यासाठी चारशे वर्षं घरात वाढलेल्याला परका ठरवून हाकलण्याची गरज नाही.

शिवाय ही देवघेव एकतर्फी नव्हती. आपल्या शहरातल्या गल्ल्यांत बोलली जाणारी दखनी ऐका. ‘मैंच’, ‘ऐसाच’ यांतला जोर देणारा च मराठीचा. ‘नक्को’ म्हणजे आपलं नको. राज्यकर्त्यांबरोबर आलेली बोली इथल्या मातीत उतरली आणि मराठी वळणाने बोलू लागली. याच शहरातल्या सिराज औरंगाबादींना उर्दू काव्यात मानाचं स्थान आहे. सैनिकांची लॅटिनही गॉलांच्या तोंडी अशीच वळत गेली आणि तिची फ्रेंच झाली.

आता दुसरं मत. ‘पाणी बाहेरच्यांनी आणलं’ म्हणणाऱ्यांनी नहर-ए-अंबरीकडे नीट पाहावं. मलिक अंबर हबशी होता, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झालेला. १६१० मध्ये त्याने खडकी, म्हणजे आजचं आपलं शहर, वसवली आणि पुढच्या काही वर्षांत डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नळांतून, उताराचा आणि दाबाचा हिशेब करून गावात आणलं. कल्पकता त्याची, हे निर्विवाद. पण चर खणणारे, दगड घडवणारे, चुना मळणारे हात या मुलखातले होते, आणि ज्याने लेण्यांच्या कुशीतल्या टाक्यांत पाणी साठवलं त्या मुलखाला पाण्याची विद्या नवी नव्हती. अंबरच्या फौजेतही मराठे सरदार होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. फ्रान्समधल्या नीम शहराला सुमारे ५० किलोमीटरवरून पाणी आणणारा रोमन कालवा जगप्रसिद्ध आहे. पण त्या शहराचं नाव आलं आहे नेमाउसुस या झऱ्याच्या स्थानिक देवावरून. तो देव रोमनांच्या आधीपासून तिथे होता.

गॉलची कथा मात्र इथे संपत नाही, आणि तिचा पुढचा भाग आपल्या काळजीचा आहे. गॉलांची भाषा अखेर मेली. त्यांचे पुरोहित, म्हणजे ड्रुइड, आपली विद्या लिहू देत नसत, असं सीझर नोंदवतो. सरदारांची मुलं ओतँच्या लॅटिन शाळेत शिकू लागली, तेव्हा गॉल भाषेकडे त्यांना द्यायला ग्रंथ नव्हता. मराठीचं असं झालं नाही, कारण देवगिरी पडण्याआधीच लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी लिहून झाल्या होत्या. पुढे नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि भागवत मराठीत आणलं. मराठी टिकली ती लिहिण्यामुळे आणि शिकवण्यामुळे. परके शब्द अडवले म्हणून ती टिकलेली नाही. आज मराठी शाळांचे पट ओस पडत असताना ‘सरकार’ नि ‘दफ्तर’ या शब्दांवर शस्त्र उपसणाऱ्यांना मी विचारतो, तुमची मुलं कोणत्या माध्यमात आहेत?

म्हणून माझं मागणं साधं आहे. मराठवाड्याचा इतिहास मोडीत आहे तसाच फारसीतही आहे. या दोन्ही लिप्या वाचणारे तरुण आपल्या महाविद्यालयांतून तयार करा. नहर-ए-अंबरीचे जे बंबे आणि नळ उरले आहेत, ते बांधकामांखाली गाडले जाण्याआधी त्यांची मोजणी करून जतन करा. आणि नाथांची भारुडं शाळेतल्या मुलांना त्यांतल्या प्रत्येक फारसी शब्दासकट शिकवा.