भिंतीतील गुट्टी

भिंतीला फळी लावावयाची ठरली, की आपण विचार करता तो तिच्या लाकडाचा आणि रंगाचा. जिच्यावर सारा भार राहावयाचा ती बोटभर गुट्टी मात्र दुकानदार देईल ती आपण मुकाट्याने घेता. आमच्याही घरी असेच झाले. पुस्तकांची फळी एका दुपारी खाली आली. तिच्याखाली रोज निजणारे मूल त्या वेळी आजीजवळ ओसरीवर होते, हेच आमचे दैव. स्क्रू वाकला नव्हता, फळी मोडली नव्हती. ८ मिलिमीटरच्या छिद्रात ६ मिलिमीटरची गुट्टी बसवून फट लांबीने लिंपली होती!

पूर्वी सुतार भिंतीत लाकडी गुट्टी ठोकीत. लाकूड सुकले की ती सैल होई. नायलॉनची फुगणारी गुट्टी जर्मनीत आर्टुर फिशर यांनी १९५८ साली काढली. स्क्रू आत शिरताच ती फुगते आणि छिद्राच्या कडांना घट्ट दाबून धरते. छिद्रच मोठे असेल तर ती दाबणार कशाला?

म्हणून गुट्टीवर जो आकडा, तोच ड्रिलच्या बिटावर असावा. ६ च्या गुट्टीला ६ चे बिट व साधारण ४ ते ५ मिलिमीटर जाडीचा स्क्रू. ८ च्या गुट्टीला ८ चे बिट. छिद्र गुट्टीहून सुमारे १० मिलिमीटर खोल घ्यावे, कारण तळाशी भुकटी साचते. तीही झटकून काढावी.

सर्वांत फसवा असतो तो गिलावा. तो भार पेलीत नाही. विटेच्या भिंतीत आधी करडी भुकटी येते, मग तांबडी. तांबडी दिसली की वीट लागली असे समजावे आणि गुट्टी पुरती विटेत जाईल एवढे खोल जावे. स्क्रूही त्या मानाने लांब घ्यावा. वीट मऊ असेल तर ड्रिलचा ठोका बंद ठेवावा, नाहीतर छिद्र फाकते. विजेच्या बटणांच्या सरळ वर, खाली वा बाजूला छिद्र पाडू नये. तारा बहुधा त्याच रेषेत असतात.

छिद्र फाकलेच, तर आगकाड्या कोंबण्याचा मोह आवरावा. त्याच जागी एक माप मोठे बिट चालवून मोठी गुट्टी व जाड स्क्रू बसवावा, अथवा दोन-तीन इंच सरकून नव्या विटेत आरंभ करावा.