पंच्याच्या बाजूने

प्रवासाला निघण्याआधी माणसाने दुकानाची पायरी चढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानदार तिथे वस्तू विकत नाही, भीती विकतो. मान अवघडेल, म्हणून फुगवायची उशी. ऊन लागेल, म्हणून मानेवर झालर असलेली टोपी. आणि अंग पुसायला 'झटपट वाळणारा' टॉवेल! अहो, ही वस्तू आपल्याकडे नव्हती काय? तिला पंचा म्हणतात. झटपट वाळतो म्हणून त्याने कधी भाव वाढवला नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

आमचा पुतण्या भोरहून हिर्डोशीला निघाला, तेव्हा त्याच्या सॅकमध्ये अशा चौदा वस्तू होत्या. हिर्डोशी म्हणजे काही हिमालय नव्हे. भोर-महाड रस्त्याने नीरा-देवघर धरणाच्या कडेकडेने जायचे. पुढे वरंधा घाट उतरला की कोकण. पाऊस मात्र तिथला खरा. वरून पडण्यावर त्याचा विश्वास नाही, तो आडवा येतो.

अशा पावसात मावळातला गुराखी काय घेऊन निघे? एक घोंगडी. खोळ केली की रेनकोट, अंथरली की सतरंजी, ओढली की रजई, घडी घातली की उशी. दख्खनी मेंढीची भरड लोकर, तिला चिंचोक्याची खळ. टोचते, कबूल. भिजली की जडही होते. पण तिला चौदा कप्पे लागत नाहीत.

"पण काका, बरं दिसत नाही ना!" हे खरे दुखणे. सोयीचे नुसते निमित्त. खांद्यावर पंचा असला की हॉटेलातला पोऱ्यासुद्धा आधी दुसऱ्या टेबलाकडे वळतो. गांधीजी १९३१ साली बकिंगहॅम राजवाड्यात पंचम जॉर्जना भेटले, ते पंचा नेसूनच. तिथे कुणी त्यांना दाराबाहेर थांबवले नाही. आणि आम्हाला लाज वाटते ती भोरच्या एस.टी. स्टँडवर!

पंच्याने घाम पुसा, डोक्याला गुंडाळा, आंबे बांधा, गर्दीत खिडकीतून टाकून जागा धरा. (फुगवलेली उशी टाकून कुणी जागा धरल्याचे मी अजून पाहिलेले नाही.) फाटला की फडके, फडक्याचे पोतेरे. उशी फुटली की मात्र घाटातच पडते, आणि पुतण्याच्या नातवापर्यंत तिथेच राहते.

सुतळीच्या गुंडीबद्दल तर मी अजून तोंडही उघडलेले नाही.